विसरण्यात उरलेलं स्मरण

नमस्कार श्रोतेहो.

आपण म्हणतो, ‘मला आठवतं’. पण ‘मला विसरतं’ असं कुणी म्हणत नाही. तिथे ‘मी विसरलो’. मालवणीतही तसंच, ‘माका आठवता’ आणि ‘मी इसारलंय’. आठवण आपली आपण येते, विसरण्याचा कर्ता मात्र आपण! शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला मुलांना हे कुणी दाखवलं, तर प्रयोग आणि विभक्ती इतकी रुक्ष वाटणार नाहीत.

आता या शब्दांचं कूळ बघू. संस्कृतात मूळ धातू ‘स्मृ’. स्मरण, स्मृती, स्मारक, जपाची स्मरणी, सगळी त्याचीच संतती. मदनालाही ‘स्मर’ म्हणतात, कारण प्रेमात पडलेल्याला एकाच माणसाची सय छळत असते. ही ‘सय’सुद्धा ‘स्मृती’च आहे बरं का! पालीत ती ‘सति’ झाली, प्राकृतात ‘सइ’, आणि आपल्या ओवीत सय. मोबाइल भरला की आपण ‘मेमरी फुल्ल’ म्हणतो, तो इंग्रजी शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या ‘मेमोरिया’वरून आला. त्याच्यामागचा ‘मेमोर’ म्हणजे लक्षात ठेवणारा. भाषेचे अभ्यासक त्याचं मूळ आपल्या ‘स्मृ’शीच जोडतात. म्हणजे मेमरी कार्ड हे आपलं दूरचं भाऊबंदच.

पण रोजच्या बोलण्यात ‘स्मृ’ कुठे आहे? ‘काल तुझं स्मरण झालं’ असं बाजारात भेटलेल्या मित्राला कोण म्हणतं? तिथे ‘आठवण’च. ‘स्मृ’ टिकला तो मात्र भलत्याच ठिकाणी. संस्कृतातल्या ‘विस्मरति’मधला ‘म’ प्राकृतात गळला आणि ‘विसरणे’ उरलं. मला या प्रकाराचं फार कौतुक वाटतं. लक्षात ठेवण्याचा धातू आपण रोज तोंडी घेतो, तो विसरलो हे सांगायला!

‘स्मृती’ला आणखी एक अर्थ आहे. वेद ऐकून आले म्हणून श्रुती. ऋषींनी आठवून सांगितलं ते स्मृती, अशी परंपरेची मांडणी. मनुस्मृती, याज्ञवल्क्यस्मृती यांतल्या ‘स्मृती’चा अर्थ हा. या ग्रंथांच्या अभ्यासात ज्यांनी हयात घालवली ते महामहोपाध्याय पां. वा. काणे आपल्या कोकणातले, चिपळूणजवळ परशुरामला 1880 साली जन्मलेले. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1930 साली आला आणि पाचवा पुरा व्हायला 1962 उजाडलं. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. ऋषींनी आठवून सांगितलेलं कुणी, कधी आणि कशासाठी सांगितलं, हे काण्यांनी पुराव्यानिशी तपासलं. ग्रंथाला स्मृती म्हटलं म्हणून त्याची उलटतपासणी करायची नाही, असा त्यांचा खाक्या नव्हता. शेवटी ते वकिलीही केलेले गृहस्थ.

‘याद’ फारसीतून आली. हिंदी गाण्यांमुळे ती आपल्याला हळवी वाटते. मराठीत मात्र तिने कारकुनी पत्करली. लक्षात राहावं म्हणून लिहून ठेवायची ती ‘यादी’. वाण्याची यादी, मतदारयादी, गणपतीच्या सामानाची यादी. आणि कुणी डोळे वटारून ‘याद राख’ म्हणालं, तर त्यात हळवं काहीच नसतं.

आता तेरेखोल ओलांडू. सिंधुदुर्ग संपून गोवा लागला की आठवणीला ‘उगडास’ म्हणतात. ‘म्हाका तुजो उगडास येता’, म्हणजे मला तुझी आठवण येते. इथेही ‘मला’च, ‘मी’ नाही. ना आपली ‘आठवण’, ना संस्कृतातला ‘स्मृ’, शब्दच निराळा. पण त्याच माणसाला विचारा, ‘अरे, निरोप दिलास का?’ तो कपाळावर हात मारून म्हणेल, ‘हांव विसरलों!’