जसदेव सिंग आणि महालातला ट्रान्झिस्टर

(पडदा काळा. ट्रान्झिस्टरची खरखर.)

क्रिकेटच्या समालोचकाला दम घ्यायला फुरसत मिळते. बॉलर मार्कवर परत जाईपर्यंत निवांत स्कोअर सांगता येतो. हॉकीत मात्र चेंडू थांबतच नाही. पास कुणी दिला, कुणी अडवला, डावीकडून की उजवीकडून, सगळं त्याच क्षणी बोलावं लागतं. आकाशवाणीचे हिंदी समालोचक जसदेव सिंग ते बोलायचे, आणि नागपुरात बसून आम्हाला मैदान दिसायचं.

१५ मार्च १९७५. शनिवार, सकाळची शाळा आटोपलेली. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात एकच ट्रान्झिस्टर, चामड्याच्या कव्हरातला. सेल उतरले होते, म्हणून बाबांनी ते उन्हात तापवून घेतले. आवाज खरखरला की ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवत बसायचं. पोरांपैकी कुणी बोललं की बाबा म्हणायचे, "चूप बसा बे!"

क्वालालंपूरला विश्वचषकाची फायनल. समोर पाकिस्तान, आणि पहिला गोलही त्यांचाच. उत्तरार्धात सुरजित सिंगनं पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. मग अशोक कुमारचा फटका गोलच्या आत लागला आणि चेंडू उसळून बाहेर आला. पाकिस्तानचे खेळाडू पंचांशी हुज्जत घालू लागले. गोल झाला की नाही? आमच्याकडे कुठला टीव्ही? अख्ख्या वाड्याचा जीव त्या आवाजात अडकला होता. पंचांनी गोल दिला. २-१. भारत जगज्जेता!

चेंडू डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, शिरला की जसदेवजींचा आवाज चढायचा, वेग वाढायचा, पण एकही नाव अडखळायचं नाही. उर्दूची गोडी असलेली त्यांची हिंदी आम्हा मराठी पोरांनाही पाठ झाली होती. माझ्या मते, असा आवाज पुन्हा झाला नाही.

१९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेचं मेलविल डीमेलो यांनी इंग्रजीत केलेलं वर्णन जसदेवजींनी रेडिओवर ऐकलं, आणि हेच काम आपण हिंदीतून करायचं असं ठरवलं. १९५५ मध्ये ते आकाशवाणीच्या जयपूर केंद्रात रुजू झाले. पुढे नऊ ऑलिंपिक. सव्वीस जानेवारीची परेडही आम्ही त्यांच्याच आवाजात ऐकली. २००८ मध्ये पद्मभूषण मिळालं. २५ सप्टेंबर २०१८ ला ते गेले.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात चिटणीस पार्कात आम्ही बाभळीच्या वाकड्या फांद्या घेऊन हॉकी खेळलो. अशोक कुमार कुणी व्हायचं हे लवकर ठरायचं. भांडण व्हायचं ते जसदेव सिंग कोण होणार यावरून.