हूक, दोर आणि एका नातीची वही

श्रोतेहो, नमस्कार.

दाबोळीहून बोगमाळोला जाताना नौदलाचं हवाई संग्रहालय लागतं. १९९८ सालापासून ते उभं आहे. तिथल्या विमानांपुढे तुम्हीही फोटो काढले असतील.

गेल्या महिन्यात मी गेलो तो शेजारच्या काकांना घेऊन. काका नौदलातले. १९७१च्या युद्धात 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाच्या डेकवर कामाला होते. सी हॉक विमानाजवळ पोचल्यावर त्यांनी हातातली काठी माझ्याकडे दिली आणि वाकून शेपटीखालचा हूक शोधू लागले.

माझ्या नातीला त्यांनी समजावलं. जहाजावरची धावपट्टी इवलीशी. उतरणाऱ्या विमानाचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकला, तरच विमान थांबायचं. त्यात विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला, म्हणून वेग कमी. आणि वेग नसला की उड्डाणाला लागणारा समोरचा वारा कुठून मिळणार? तरीही ४ डिसेंबरपासून सी हॉक आणि अलिझे विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार, चितगावपर्यंत धडक मारली.

पोरीला दोराचं काही कळेना. मग काकांनी तिची वही मागून घेतली. थरथरत्या हाताने डेक काढला, दोर काढला, विमान काढलं. दहा मिनिटं तरी लागली असतील. मला वाटतं, त्या दिवशी संग्रहालयातलं सर्वांत मोलाचं काही असेल, तर ते वहीतलं पान.

आपण माजी सैनिकांना शाल-श्रीफळ देतो, भाषणं ऐकवतो. त्यांना बोलू देत नाही, चितारू तर मुळीच देत नाही. ती जुनी विक्रांतसुद्धा आता उरली नाही, २०१४ साली ती तोडायला काढली. तिच्यावर वावरलेली माणसं मात्र अजून आपल्या वास्कोत, फोंड्यात, पेडण्यात सोप्यावर बसून आहेत. महिन्यातला एक रविवार संग्रहालयाने त्यांना द्यावा. चित्रकलेच्या शिक्षकांनी मुलांना घेऊन यावं, कागद-रंग आणावेत, आणि जी चित्रं होतील ती त्याच विमानांशेजारी लावावीत. घरात असे कोणी आजोबा असतील, तर तुम्ही संग्रहालयाची वाट पाहू नका, आज संध्याकाळीच वही पुढे करा.

काकांनी चित्रात दोराच्या कडेला एक छोटा माणूसही काढला होता. नातीने विचारलं, "आजोबा, हे तुम्ही?"

"नाही गं," काका म्हणाले, "हा माझा जोडीदार." आणि त्यांनी चित्राखाली त्याचं नाव लिहिलं.