पहाटे चार पन्नासला थांबलेला देश

नमस्कार श्रोतेहो.

रस्ता सुरक्षा हा विषय निघाला की ऐकणाऱ्याचा हात आपसूक रेडिओच्या बटणाकडे जातो, याची मला पुरेपूर कल्पना आहे. तोच तो उपदेश. सावकाश जा, घरी कुणीतरी वाट पाहतंय, अति घाई संकटात नेई. ऐकून ऐकून कान किटलेत. आणि त्या यमक जुळवलेल्या घोषणा! मला तर वाटतं, यमक जुळलं की अर्थ निसटलाच म्हणून समजा. माणूस यमकाला हसतो आणि पुढे निघून जातो. असो. आज घोषणा नाही, गोष्ट आहे. ही गोष्ट मी भेटेल त्याला ऐकवत आलोय. घरचे तर आता सुरुवात झाली की उठूनच जातात. तुम्ही बसा.

गोष्ट स्वीडनची. १९६७ सालापर्यंत तिथली वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायची, आपल्यासारखीच. शेजारी नॉर्वे आणि फिनलंड, आणि दोघांकडे वाहतूक उजवीकडून. बरं, एवढंच असतं तर निभावलं असतं. पण खरी मेख पुढेच आहे. स्वीडनमधल्या बहुतेक मोटारींचं स्टिअरिंग डावीकडे होतं. म्हणजे बघा, गाडी डावीकडून चालवायची आणि चालकही डावीकडेच, रस्त्याच्या कडेला बसलेला. आता पुढे एक ट्रक रखडतोय आणि तुम्हाला ओव्हरटेक करायचंय. समोरून काही येतंय का, हे दिसणार कसं? जवळजवळ अख्खी गाडी मधल्या रेषेपलीकडे काढायची, तेव्हा कुठे चालकाला समोरचं दिसणार. आणि दिसेपर्यंत समोरचा येऊन ठेपलेला. अरुंद रस्त्यांवर समोरासमोर धडका व्हायच्या त्या अशा.

सरकारला बाजू बदलायची होती. लोकांना बदलायची नव्हती. १९५५ साली सार्वमत घेतलं, तर सुमारे ८३ टक्के मतं पडली डावीकडच्या बाजूने. त्र्याऐंशी टक्के! सरकारने ते ऐकून घेतलं, काही वर्षं थांबलं आणि १९६३ साली संसदेत बदलाचा निर्णय मंजूर करून घेतला. लोकांना विचारायचं आणि मग आपलंच खरं करायचं, हा प्रकार मला एरवी मुळीच पटत नाही. इथे मात्र माझी जीभ अडखळते. कारण पुढे जे झालं ते विलक्षण होतं.

तारीख ठरली ३ सप्टेंबर १९६७. रविवार. वेळ पहाटे पाच. दिवसाला नाव दिलं ‘डागेन एच’, म्हणजे एच-दिवस. उजवीकडच्या वाहतुकीला स्वीडिश भाषेत जो शब्द आहे त्याचं हे पहिलं अक्षर. एकच ठरलेली तारीख, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

आता तयारी ऐका. देशभरातले सुमारे ३,६०,००० वाहतूक फलक हलवायचे किंवा बदलायचे. चौकांचे आकार बदलायचे. मोटारींचे दिवे बदलायचे, कारण जुन्या दिव्यांचा झोत आता समोरच्याच्या डोळ्यांत जाणार. आणि बसगाड्या! बसचं दार फुटपाथच्या बाजूला हवं ना? बाजू बदलली की दार भर रस्त्यात उघडणार. हजारो बसना दुसऱ्या बाजूला दारं पाडली. ज्यांना पाडता आली नाहीत, त्यातल्या कित्येक बस पाकिस्तान आणि केनियाला विकल्या, कारण तिथे वाहतूक डावीकडून. काही शहरांतल्या ट्राम तर कायमच्याच बंद झाल्या.

पण माझा जीव ज्यात अडकलाय तो भाग वेगळाच. हे सगळं लोकांच्या डोक्यात उतरवायचं कसं? त्यांनी एक चिन्ह केलं. इंग्रजी एच अक्षर आणि त्यातून डावीकडून उजवीकडे वळणारा एक बाण. बस्स, एवढंच. आणि ते चिन्ह त्यांनी कुठे कुठे छापावं? दुधाच्या खोक्यांवर. बायकांच्या-पुरुषांच्या अंतर्वस्त्रांवर. हो, बरोबर ऐकलंत, अंतर्वस्त्रांवर! सकाळी उठून कपडे घालताना एच, दूध ओतताना एच, दाराबाहेर पडलात की खांबावर एच. घरोघरी माहितीपुस्तिका गेल्या. उजवीकडून चला असं सांगणाऱ्या गाण्यांची स्पर्धासुद्धा झाली, आणि त्यातलं एक गाणं खरंच लोकांच्या तोंडी बसलं.

मग ती रात्र आली. रात्री एक वाजल्यापासून खासगी वाहनांना रस्त्यावर बंदी. अगदी आवश्यक तेवढीच वाहनं चालू. झाकून ठेवलेले नवे फलक उघडायला आणि जुने झाकायला माणसं शिड्या घेऊन रस्तोरस्ती फिरत होती, मदतीला लष्कर होतं. चार वाजून पन्नास मिनिटांनी, जे काही रस्त्यावर होतं ते जागच्या जागी थांबलं. अख्खा देश थांबला. मग प्रत्येक गाडीने हळूहळू, जपून, रस्त्याची बाजू बदलली आणि पुन्हा थांबली. दहा मिनिटं. बघायला गर्दी जमलेली. स्टॉकहोमच्या रस्त्यावरचा त्या वेळचा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात गाड्या, सायकली आणि माणसं इतकी एकमेकांत गुंतलीयत की पाहणाऱ्याला वाटावं, झालं, आता हे काही सुटत नाही.

आणि रेडिओवर उलटी गणती चालू होती. पाचचा ठोका पडला आणि रेडिओनेच जाहीर केलं, की आता स्वीडनमध्ये वाहतूक उजवीकडून आहे. गाड्या सुटल्या. एक सांगू? अख्ख्या देशाने एकाच क्षणी एकच आवाज ऐकणं, हे आता कुठे राहिलंय? आज प्रत्येकाच्या खिशात आपापला आवाज, आणि तोही दोन मिनिटं मागे-पुढे. रेडिओवाल्याला याचं वाईट वाटणारच, तेव्हा तेवढं पोटात घाला.

आता निकाल. लोकांना भीती होती की रस्त्यावर हाहाकार उडणार. सोमवारी सगळे कामावर निघाले. त्या सोमवारी देशभरात अपघात नोंदले गेले १२५. त्याआधीच्या सोमवारी ही संख्या १३० ते १९८ च्या दरम्यान असायची. म्हणजे काय झालं? एका रात्रीत बाजू बदलली, सगळ्यांची सवय उलटी झाली, आणि अपघात कमी झाले. पुन्हा सांगतो, वाढले नाहीत, कमी झाले. आणि त्या सोमवारच्या अपघातांत एकही माणूस दगावला नाही. १९६६ साली स्वीडनमध्ये रस्त्यावर १,३१३ माणसं गेली होती. १९६७ मध्ये १,०७७ गेली, आणि त्या वर्षातले तर शेवटचे चारच महिने नव्या बाजूचे होते. मोटार विम्याचे दावे सुरुवातीला ४० टक्क्यांनी उतरले.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती एकदाच सांगून विसरलो असतो. पण विम्याचे ते उतरलेले दावे साधारण सहा आठवड्यांत पुन्हा जुन्या पातळीवर आले. सहा आठवडे, बरं का. आणि १९६९ पर्यंत अपघातांचं एकूण प्रमाणही पहिल्यासारखं झालं.

का झालं असेल असं? सोपं आहे. पहिले काही दिवस प्रत्येक जण बिचकून होता. समोरचा चुकेल, मी चुकेन, असं धरूनच गाडी चालवत होता. अंतर ठेवत होता, चौकात पाय आपोआप ब्रेकवर जात होता. मग नवी बाजू अंगवळणी पडली. धास्ती गेली आणि धास्तीबरोबर अंतरही गेलं.

तीस वर्षांनी, १९९७ साली, त्याच स्वीडनच्या संसदेने ‘व्हिजन झिरो’ नावाचं धोरण स्वीकारलं. माणूस चुकणारच, पण त्या चुकीची किंमत जीव असू नये, म्हणून रस्ताच तसा बांधा, असं ते धोरण. मग त्यांनी कित्येक रस्ते तीन पदरी केले. मधला पदर थोडं अंतर या दिशेला, थोडं अंतर त्या दिशेला, आळीपाळीने ओव्हरटेकसाठी, आणि दोन दिशांच्या मध्ये पोलादी दोरांचा कठडा. आठवतंय ना, गोष्टीच्या सुरुवातीचा तो ट्रक आणि ओव्हरटेक? बाजू बदलूनही जी समोरासमोरची धडक पुरती थांबली नव्हती, ती अशा रस्त्यांवर त्या दोराने अडवली. रस्ताबांधणी हा आजचा विषय नाही, ते काम इंजिनिअरांचं. पण आपल्या भागातल्या एखाद्या वळणावर वारंवार अपघात होत असतील, तर नुसती जागृती करत बसू नका. तारीख, वेळ, काय झालं, असं लिहून संबंधित खात्याला द्या, फोटोसकट. अर्ज देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय निघू नका.

आता आपल्या हातातलं. तुमच्या वस्तीत, शाळेत, कारखान्यात तुम्हाला रस्ता सुरक्षेसाठी काही करायचंय. बहुतेक ठिकाणी काय होतं? दीपप्रज्वलन होतं, पाहुणे तीन, भाषणं पाच, चित्रकला स्पर्धेची बक्षिसं वाटतात आणि मंडळी हेल्मेट हँडलला अडकवून घरी जातात. स्वीडनच्या लोकांना काय सांगितलं होतं? काळजी घ्या असं नव्हतं सांगितलं. जबाबदार नागरिक बना असं तर नव्हतंच. अमुक तारखेला, अमुक वाजता, उजवीकडे व्हा. एक कृती, एक तारीख. लहान मुलालाही कळेल आणि केली की नाही हे शेजाऱ्यालाही दिसेल.

म्हणून माझं म्हणणं असं, की महिन्याला एकच गोष्ट घ्या. पंधरा सूचनांचा फलक कोणी वाचत नाही. चालत्या गाडीवरून तर नाहीच. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. तीन सेकंद फोनकडे पाहिलं तर ५० मीटर रस्ता न बघताच कापला. तेवढ्या वेळात चालकाने तुमचा फलक वाचावा अशी अपेक्षा असेल, तर तुम्हीच अपघाताला बोलावताय.

एक गोष्ट म्हणजे कोणती? एक नमुना देतो. गाडीचं दार. मोटार कडेला थांबते, आतला माणूस झटकन दार उघडतो आणि मागून येणारा सायकलवाला किंवा दुचाकीवाला त्या दारावर आदळतो. यात वेगही लागत नाही, दारूही लागत नाही. यावर उपाय फुकटचा आहे. दार उघडताना दाराजवळचा हात वापरायचाच नाही. लांबचा हात वापरायचा. डावीकडे दार असेल तर उजवा हात, उजवीकडे असेल तर डावा. आत्ता बसल्या जागी करून बघा. हात आडवा जातो तसा खांदा वळतो, खांद्यामागोमाग मान वळते आणि नजर आपोआप मागच्या रस्त्यावर जाते. कोणी आठवण करून द्यायला नको. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, २०२२ पासून ही सूचना आहे. लांबचा हात. पुन्हा सांगतो, लांबचा हात. चालकाने, शेजारच्याने आणि मागे बसलेल्यांनीही. मागचे तर जास्तच, कारण मागे बसलेल्याला आरसा नसतो.

दुसऱ्या महिन्याला हेल्मेटचा पट्टा घ्या. हेल्मेट नव्हे, पट्टा. डोक्यावर हेल्मेट आहे आणि पट्टा लोंबतोय, अशी माणसं तुम्ही चौकाचौकात पाहता. गाडीवरून पडताना असं हेल्मेट डोक्याआधीच निघून जातं. टिच असा आवाज आला पाहिजे, आणि लावलेल्या पट्ट्याखाली दोन बोटांपेक्षा जास्त सैल नको. झालं. याच्यावर भाषण नको.

ही गोष्ट कुठे सांगायची, तेही ठरवा. सभागृहात नाही. दाराची गोष्ट पार्किंगच्या जागी सांगा, जिथे हात दाराकडे जातो तिथेच. पट्ट्याची गोष्ट गाडी सुरू करण्याच्या जागी. आणि सांगणारा माणूस ओळखीचा असू द्या. रोज दिसणारा वॉचमन किंवा शाळेची शिपाईमावशी म्हणाली, की साहेब पट्टा, तर माणूस लाजेने लावतो. पाहुण्याने सांगितलं तर टाळ्या वाजवतो.

शेवटचं एक काम. तुमची तारीख ठरवाल, त्या जागी आठवणीची चिठ्ठी लावाल, त्याच दिवशी कॅलेंडर उघडून सहा आठवड्यांनंतरच्या दिवसावर खूण करून ठेवा. सहा आठवडे कुठून आले, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी दुसरी चिठ्ठी लावायची. पण पहिलीच्या जागी नको, रंगही तो नको. तिथे आता कोणी बघत नाही.