कासियानी: एका दुर्मिळ ग्रीक नावाची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला एका नावाविषयी बोलायचं आहे. आधी ते नुसतं कानावर पडू दे. कासियानी. ग्रीक लोक ते उच्चारताना शेवटच्या 'नी'वर जोर देतात, त्यामुळे साधं नाव घेतलं तरी लांबून कुणाला हाक मारल्यासारखं वाटतं.

ग्रीसमध्ये मारिया, एलेनी, कातेरिना, सोफिया या नावांच्या बायका पावलोपावली भेटतात. कासियानी मात्र फार थोड्या. आणि तरीही हे नाव ज्याला ठाऊक नाही असा ग्रीक माणूस शोधावा लागेल. मुलीला ठेवायचं नाही, पण विसरायचंही नाही, असं या नावाचं काय आहे? त्याचीच गोष्ट आज सांगते.

अर्थापासून सुरुवात करू. व्याकरणाच्या अंगानं पाहिलं तर कासियानी हे कासियानोस या पुरुषनावाचं स्त्रीरूप. कासियानोस आलं लॅटिनमधून, रोमच्या कॅसियस या जुन्या घराण्याच्या नावावरून. सीझरचा खून करणाऱ्यांतला कॅसियस याच घराण्यातला. नावांच्या पुस्तकांत या शब्दाचा संबंध 'पोकळ, रिकामा' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडलेला दिसतो. मला तो अर्थ कधी पटला नाही, कारण जिच्यामुळे हे नाव टिकलं त्या बाईला तिच्या काळचे लोक कासिया म्हणत, आणि ग्रीक भाषेत कासिया म्हणजे दालचिनीच्या जातीची सुगंधी साल. आपल्या वाण्याकडे जाड, खरखरीत, तिखट वासाची दालचिनी मिळते ना, जवळपास तीच.

हा शब्द ग्रीकांनी सेमिटिक भाषांकडून घेतला. बायबलमध्ये ईयोबाच्या एका मुलीचं नाव कसीया आहे, तेही याच सालीवरून. आपल्याकडे मुलीला केशर किंवा कस्तुरी म्हणतात, तसंच हे. इ.स.पू. ६००च्या सुमारास साफो या कवयित्रीनं एका लग्नाच्या वर्णनात कासियाचा सुगंध दरवळवला आहे. हेरोडोटस हा प्राचीन ग्रीक इतिहासकार तर सांगतो, की अरबस्तानात कासिया एका उथळ तळ्याकाठी उगवते आणि वटवाघळांसारखे पंखवाले प्राणी तिची राखण करतात, म्हणून ती काढणारे लोक डोळे सोडून सगळं अंग कातड्यांनी झाकून घेतात. माल कुठून येतो हे ग्रीकांना कळत नव्हतं. सुगंध तेवढा पोचत होता, पत्ता नव्हता. याच कुळातल्या आणखी एका झाडाचं पान ते 'मालाबाथ्रोन' म्हणून विकत घेत. हा शब्द जरा सावकाश म्हणून पाहा. आपलं तमालपत्रच ते, समुद्रापार जाताना बोबडं झालेलं.

आता त्या बाईकडे येऊ. कासिया जन्मली नवव्या शतकाच्या सुरुवातीला, पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये. घर मोठं, शिक्षण उत्तम. तो काळ धर्मातल्या भांडणाचा होता. देवाच्या आणि संतांच्या चित्रांपुढे नमस्कार करायचा की ती चित्रं पुसून टाकायची, यावर साम्राज्य दुभंगलं होतं. बादशहा चित्रांच्या विरोधात होते. ही मुलगी चित्रांच्या बाजूनं उभी राहिली, छळ होत असलेल्या संन्याशांना मदत करत राहिली आणि त्यासाठी तिनं फटकेही खाल्ले. हे आपल्याला कळतं ते थिओडोर नावाच्या मठाधिपतीच्या पत्रांमधून. एवढ्या कोवळ्या मुलीच्या ठायी इतकं ज्ञान पाहून आपण थक्क झालो, असं तो तिला लिहितो. थिओडोर ८२६ साली वारला, म्हणजे हे सगळं घडलं तेव्हा कासिया खरोखरच लहान होती.

यानंतरची गोष्ट ग्रीसमध्ये घराघरांत सांगतात. साल ८३०. तरुण बादशहा थिओफिलोस याच्या लग्नासाठी राज्यभरातल्या सुंदर मुली राजवाड्यात बोलावल्या गेल्या. त्यानं हातात सोन्याचं सफरचंद घेतलं होतं, जी पसंत पडेल तिला द्यायला. तो कासियापुढे थांबला आणि म्हणाला, "जे जे वाईट आलं, ते स्त्रीपासून आलं." रोख हव्वेकडे होता, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या स्त्रीकडे, जिच्यामुळे जगात पाप आलं असं मानतात. कासियानं तिथल्या तिथे उत्तर दिलं, "आणि जे जे चांगलं आलं, तेही स्त्रीपासूनच." म्हणजे येशूची आई मरिया हिच्यापासून. बादशहाला ते झोंबलं. तो पुढे सरकला आणि सफरचंद थिओडोरा नावाच्या दुसऱ्या मुलीच्या हातात दिलं.

ही हकीकत लिहिली गेली ती पुढे शंभरेक वर्षांनी, त्यामुळे इतिहासकार तिच्याकडे जपूनच पाहतात. पण कासियाच्या लेखणीतून उतरलेल्या ओळी आपल्यापाशी आहेत, आणि त्या वाचल्या की असं उत्तर तिनं दिलं असेल यावर माझा तरी विश्वास बसतो. 'मला तिटकारा आहे' अशा शब्दांनी सुरू होणारी तिची सुभाषितं आहेत. त्यांतलं एक असं: बोलायची वेळ असताना गप्प बसण्याचा मला तिटकारा आहे.

ती राणी झाली नाही. तिनं राजधानीच्या पश्चिमेकडच्या भागात मठ स्थापन केला, त्याची प्रमुख झाली आणि लिहीत राहिली. शब्द तिचे, चालही तिचीच. तिच्या नावावर पन्नासेक स्तोत्रं सांगितली जातात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ग्रीकांच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये रोमच्या ऑगस्टस बादशहाच्या राज्याचा उल्लेख करणारं जे स्तोत्र गातात, ते तिचं. आणि ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी जे गातात, ते तर तिच्याच नावानं ओळखलं जातं. लोक म्हणतात, "आज कासियानी आहे." एरवी चर्चची पायरी न चढणारे लोकही त्या संध्याकाळी येतात. गाणाऱ्याचा कस लागतो, कारण चाल खूप खाली उतरते आणि मग उंच जाते, एकेक शब्द लांबत राहतो. हे एकच स्तोत्र दहा-पंधरा मिनिटं सहज चालतं.

त्यात बोलते ती बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली पापी स्त्री, येशूचे पाय आसवांनी धुऊन केसांनी पुसणारी. माझी रात्र अंधारी आहे, चंद्राशिवायची आहे, असं ती म्हणते. समुद्राचं पाणी ढगांतून ओढून नेणाऱ्या देवा, माझ्या डोळ्यांतलं पाणीही घे, म्हणते. मग येते ती ओळ: हे पाय मी चुंबीन, ज्यांची चाहूल संधिकाळी बागेत ऐकून हव्वा भीतीनं लपली होती. ज्या हव्वेवरून बादशहानं टोमणा मारला, तिला कासियानं देवाच्या पावलांपाशी आणून बसवलं. (लोककथा म्हणते, की म्हातारपणी थिओफिलोस तिच्या खोलीत आला, ती लपली आणि ही ओळ त्यानं लिहिली. थिओफिलोस तिशीच्या आसपासच वारला, म्हातारा झालाच नाही. आणि ओळ तिचीच आहे, असं मी म्हणेन.)

आता नाव दुर्मिळ का, हे सांगते. शतकानुशतकं हे स्तोत्र ऐकून अनेकांचा असा समज झाला, की ती पापी स्त्री म्हणजेच कासियानी. 'मी' म्हणणारी आणि लिहिणारी यांच्यातला फरक पुसला गेला. जिनं आयुष्य मठात काढलं, तिच्या नावाला दुसऱ्या बाईची बदनामी चिकटली. आईबाप हे नाव ठेवताना कचरत असतील, तर मला नवल वाटत नाही. वाईट मात्र वाटतं.

तरी नाव मेलेलं नाही. ग्रीसमध्ये नातीला आजीचं नाव ठेवण्याची रीत घट्ट आहे, तिच्या आधारानं ते पिढ्या ओलांडतं. क्रीट आणि कार्पाथोस यांच्यामध्ये कासोस नावाचं छोटं बेट आहे. कासियानीचा शेवट आमच्याकडेच झाला, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. दूर मेलबर्नसारख्या शहरांत स्थायिक झालेल्या ग्रीक घरांत एखादी कासियानी असते, तिला शाळेत बहुधा कॅसी म्हणतात. ट्रॉयच्या राजकन्येच्या कसांड्रा या नावाशी तिची गल्लत होते, पण त्या नावाचं मूळ वेगळं आहे.

ग्रीसमध्ये वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा. ज्या संताचं नाव, त्या संताच्या सणाला घरी माणसं येतात, गोडधोड होतं. कासियानीचा दिवस ७ सप्टेंबर. त्या दिवशी या नावाच्या मुलीला भेटणारा प्रत्येकजण म्हणतो, "ख्रोनिया पोल्ला", म्हणजे पुष्कळ वर्षं जग.