वडगावातल्या सहा खुंट्या

(दृश्य: पावसाळी सकाळ. वडगावातली गल्ली, ओली कौलं, उघड्या खिडकीतून हलणारा माग.)

हा खडखडाट मागाचा. शहापूर-वडगाव ही बेळगावातली विणकरांची जुनी वस्ती. सकाळी माग सुरू झाले की लाइट जाईपर्यंत थांबत नाहीत. आम्ही इथे श्रावणात दोन दिवस चित्रण केलं आणि दोन्ही दिवस हा आवाज प्रत्येक शॉटच्या मागे येऊन बसलाय. काढायचा प्रयत्न केला. निघाला नाही. तेव्हा सवय करून घ्या.

(दृश्य: आतली खोली. टेबलावर वाकळ, वाकळेवर गिटार.)

वाकळ आजीची. गिटार भाच्याची. कॅम्पातल्या एका मित्राने गोव्याला जाताना विकलेली, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या हाताची. आकार स्ट्रॅटचा, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर ह्या इलेक्ट्रिक गिटारीचा, सहाही खुंट्या एका रांगेत. मे महिन्यात ती स्कूटरवरून पडली. लाकडाला काही झालं नाही. ह्या जाड तारेच्या खुंटीचा दांडा मात्र वाकला आणि तिच्या शेजारच्या खुंटीचं बटण, म्हणजे बोटांनी फिरवायचा भाग, अर्धं उडालं. कॅमेरा जवळ नेल्यावर दिसतंय बघा, फिरवताना दांडा कसा लंगडतोय.

एकाच वस्तूला ह्या घरात तीन नावं आहेत. भाचा म्हणतो ट्यूनर. पार्सलवर लिहिलंय मशीन हेड. मामा म्हणतात खुंटी, आणि आम्हीही खुंटीच म्हणणार आहोत.

मामा उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, टर्नर होते. सगळं आयुष्य लेथवर गेलं. गिटार कधी हातात धरली नाही, पण पहिल्या दिवशी त्यांनी ती उलटी करून मागून पाहिली आणि एका खुंटीचं पत्र्याचं झाकण उचकटलं.

(दृश्य: क्लोजअप. झाकणाखालची पितळी चकती आणि मळसूत्रासारखी आट्यांची दांडी. हा शॉट घाईत कापू नका.)

आतली ही रचना मामांच्या रोजच्या ओळखीची. बटणाच्या दांडीवर आटे, त्याला म्हणायचं वर्म. वर्म फिरला की दातेरी चाक एकेका दाताने सरकतं, चाकाबरोबर तारेचा दांडा फिरतो. बटण फिरवलं तर चाक फिरतं, पण चाकाला कितीही ओढ दिली तरी वर्म उलटा फिरत नाही, घर्षणच त्याला अडवून धरतं. सहा तारा मिळून मानेला 38 किलोच्या आसपास ओढ देतात, तीही पातळ म्हणजे 9 नंबरच्या तारा असल्या तर. एवढी ओढ रात्रंदिवस धरून ठेवायचं काम ह्या नखाएवढ्या पितळेचं.

म्हणून मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "खुंट्या घसरत नाहीत रे. गिअर कधी घसरतोय काय?" मामांचं बरोबर होतं. सूर उतरला की सगळे खुंट्यांना दोष देतात आणि नव्या मागवतात. बहुतेक वेळा तार अडकलेली असते ती नटाच्या खाचेत. (इथे मामा-भाच्यात पाच मिनिटं गोंधळ झाला. मामांच्या लेखी नट म्हणजे बोल्टाचा नट. गिटारीचा नट म्हणजे मानेच्या टोकाची, खाचा पाडलेली, हाडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी.) खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं आणि चार तारा त्याच दिवशी ताळ्यावर आल्या. फुकटात.

राहिल्या दोन. वाकलेला दांडा शिशाने सरळ होत नाही. आणि दोन बदलायच्या तर सहाही बदलूया, असं भाच्याने ठरवलं. लॉकिंगवाल्या, म्हणजे तार आत दाबून धरणाऱ्या, मागवल्या. पार्सलवर शहराचं नाव 'बेळगावी'. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर ते तसंच आहे. मामांच्या तोंडी मात्र अजून बेळगावच. पार्सल दोघांनाही पोचलं.

(दृश्य: मिरज. तंबोऱ्याची खुंटी, खडू, कारागिराचा हात.)

मिरजेचा हा शॉट आम्ही दुसऱ्या कामासाठी घेतला होता, पण तो इथेच शोभतो. बेळगावातून रेल्वेने थेट जाता येईल असं हे गाव. एकोणिसाव्या शतकात तिथले शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारे कारागीर, वाद्यांकडे वळले. फरीदसाहेब शिकलगारांचं नाव त्यात पहिलं घेतात. आज मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, 2024 सालचं. तिथल्या खुंटीत गिअर नाही, काही नाही. लाकडात लाकूड घट्ट बसवलेलं, घसरायला लागलं की खडू फासायचा. बारीक सूर मण्याने लावायचा.

गिटारीच्या खुंटीत पेच आला तो युरोपात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिएन्नात योहान गेओर्ग श्टाउफर वर्म-गिअरच्या खुंट्या लावत होता, त्याही सहा एका बाजूला, एका रांगेत. लिओ फेंडरच्या कंपनीची स्ट्रॅटोकास्टर 1954 साली आली ती ह्याच रांगेची. म्हणजे भाच्याच्या टेबलावरच्या गिटारीचं डोकं व्हिएन्नावरून अमेरिकेमार्गे वडगावात आलंय. शिकलगारांनी तलवारी सोडून तंबोरे घेतले. उद्यमबागेतला टर्नर लेथ सोडून गिटार घेत नाही, तो लेथच गिटारीकडे आणतो. ते पुढे दिसेल.

(दृश्य: नवीन खुंटी जुन्या भोकाशी धरलेली. शिरत नाही.)

ही घटना आम्हाला अनायासे मिळाली. कॅमेरा चालू होता. भाच्याने तारा सोडल्या, जुन्या खुंट्यांचे स्क्रू काढले, नवीन खुंटी भोकात घातली आणि ती अर्ध्यात अडकली.

"मोजलास काय आधी?"

"नाही ओ मामा. फोटोत बरोबर दिसूलालतं."

"फोटोला व्हर्निअर लागतंय व्हय?"

मामांनी व्हर्निअर लावला. जुनं भोक 8.7 मिलिमीटर. नवीन खुंटीला हवं 10. जुन्या धाटणीच्या खुंट्यांना पुढून एक बुश, म्हणजे दांड्याभोवतीची धातूची नळी, दाबून बसवलेला असतो, त्याला लहान भोक पुरतं. नव्या बंद डब्याच्या खुंट्यांचा बुश आट्यांचा, पुढून वॉशर घालून पान्ह्याने आवळायचा, त्याला 10. विकणाऱ्याने पानभर वर्णन लिहिलं होतं, चकाकी, रंग, वॉरंटी; भोकाचा व्यास तेवढा नव्हता. मागवण्याआधी दोनच गोष्टी बघायच्या असतात: भोक केवढं, आणि सहा एका रांगेत हव्यात की तीन-तीन समोरासमोर. दुसरी तेवढी भाच्याने बघितली होती.

परत पाठवायचं बोलणं निघालं. बेंगळुरूला नाहीतर पुण्याला कुणाकडे तरी गिटार पाठवायचंही निघालं. मामा काही न बोलता छत्री घेऊन बाहेर पडले.

(दृश्य: उद्यमबाग. शटर, लेथ, फिरणारा पितळी बार. पूर्ण शॉट ठेवा. निवेदन थोडं थांबतं.)

उद्यमबाग. फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे पार्ट. मुंबई-पुण्याच्या यंत्रांत बसलेल्या कितीतरी वस्तू इथल्या हातांखालून गेल्यात आणि कुणावरही इथलं नाव नाही. हे शेड मामांच्या जुन्या सोबत्याचं. मामा लेथवर उभे राहिले आणि आम्हाला काही विचारायचं सुचेना.

ते बनवतायत ड्रिफ्ट, म्हणजे जुने बुश ठोकून काढायचा दांडा. पुढचं टोक 6 मिलिमीटरचं, बुशच्या आत सैल जाईल असं. मागचा खांदा 8 चा, म्हणजे भोकातून जाईल पण बुशच्या कडेवर टेकेल. कच बघा, पितळेची, कुरडईसारखी पडतेय. टोक मोजतात, पुन्हा एक हात फिरवतात, पुन्हा मोजतात. नुसता स्क्रूड्रायव्हर घालून ठोकला असता तर बुश तिरका होऊन लाकूड फाटलं असतं. बहुतेक जण तेच करतात.

(दृश्य: पुन्हा घर. सोल्डरिंग आयर्न बुशला टेकवलेलं.)

जुना बुश वार्निशला चिकटलेला असतो. गरम सोल्डरिंग आयर्न अर्धा-एक मिनिट टेकवलं की पकड सुटते. मग मागून ड्रिफ्ट, लाकडी हातोडीचा हलका ठोका. टुक. बुश वाकळेवर पडतो. सहा बुश, सहा ठोके, रंगाचा एक टवका नाही.

आता भोक मोठं करायचं. ह्या जागी लोकांच्या गिटारी बिघडतात. हातात ड्रिल घेऊन 10 चा बिट सरळ घातला तर बिट जुन्या भोकाची कड पकडतो, धावतो, आणि रंगाचा पापुद्रा रुपयाएवढा उडवतो. मामांनी आणलाय हँड रीमर, म्हणजे हाताने फिरवून भोक रुंद करायचं हत्यार, आणि ते फिरवायला टॅपचं हँडल. आधी पुढून-मागून कागदी टेप. भोकाच्या तोंडाला ब्लेडने टेप कापून कडेचा रंग किंचित घासून उतरता केलेला, म्हणजे चीर पुढे पळणार नाही. मग रीमर.

(दृश्य: रीमर फिरतोय. लाकडाचा भुसा. निवेदन नको. वीस सेकंद.)

एका गोष्टीकडे लक्ष द्या. बाहेर काढतानाही मामा रीमर त्याच दिशेने फिरवतायत. उलटा फिरवला की धार मरते. भाच्याने दुसऱ्या भोकाला उलटा फिरवला. मामा काही बोलले नाहीत, फक्त त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो शॉट आहे.

श्रावणातली दमट हवा, लाकूड फुगलेलं. कापण्याऐवजी थोडं तंतू काढत होतं, म्हणून दर तीन-चार फेऱ्यांनी बाहेर काढून भुसा झटकावा लागला. सहा भोकांना दुपार गेली.

जुन्या स्क्रूची भोकं बुजवली ती आगकाडीच्या काड्या आणि फेव्हिकॉलने, गूल काढून टाकून. रात्रभर सुकू दिलं.

(दृश्य: दुसरा दिवस. स्टीलची पट्टी सहा खुंट्यांच्या पाठीला लावलेली.)

खुंट्या बसल्या. बुश आधी फक्त हाताने आवळायचे, मग पाठीमागे पट्टी धरून सहाही एका रेषेत आणायच्या, मग स्क्रूची जागा टोच्याने टोचायची. बिटावर टेपची झेंडी, खोली कळावी म्हणून. हेडस्टॉकच्या, म्हणजे गिटारीच्या डोक्याच्या, पुढून बिट बाहेर आला तर त्यावर इलाज नाही. स्क्रू बारीक आणि ठिसूळ. साबणाच्या वडीवर घासून घालायचे. त्यातला एक तुटला. तो कसा काढला ते आमच्याकडे नाही, आम्ही चहाला गेलो होतो. शेवटी पान्ह्याने बुश आवळले. जेमतेम. "लाकूड हाय ते, फ्लँज न्हवे," हे मामा दोनदा म्हणाले.

(दृश्य: दांड्यावर आणि बटणावर पेन्सिलीची खूण. बटण फिरतंय.)

हे आमच्या आवडीचं. मामांनी दांड्यावर एक खूण केली, बटणावर एक, आणि मोजायला लागले. जुन्या खुंटीचं बटण 14 वेळा फिरवलं की दांडा एकदा फिरायचा. नवीनला 18 फेऱ्या. दहा... अकरा... भाचा कंटाळून निघून गेला. अठराव्या फेरीला दांड्याची खूण बरोबर जागेवर. मामा कॅमेऱ्याकडे बघून पहिल्यांदाच हसलेत. जास्त फेऱ्या म्हणजे सूर जास्त बारीक हलवता येतो. भाच्याला हे खोक्यावर वाचून माहीत होतं, मामांना आत्ता पटलं.

तारा. लॉकिंग खुंटीत तार भोकातून ओवायची, ताणायची, मागचं चाक आवळायचं. आतली खीळ तारेला दाबून धरते. दांड्याला पूर्ण एक वेढाही पडत नाही, तोवर तार सुरात येते. जुन्या खुंटीला दोन-तीन वेढे लागायचे आणि प्रत्येक वेढा पुढे सैल होत राहायचा.

सूर लावायला मामांनी मोबाइल काढला. मोबाइलच्या ॲपला माइकवरून ऐकावं लागतं, आणि ॲपने ऐकला तो शेजारचा माग. जाड तार वाजली की काटा कुठेही पळायचा. भाच्याने मग चिमट्याचा ट्यूनर (हा सूर दाखवणारा, खुंटी नव्हे) हेडस्टॉकला लावला. तो लाकडातली कंपनं घेतो, मागाशी त्याचं देणंघेणं नाही. जाड तार, 82.41 हर्ट्झ. सूर चढला असेल तर थोडं खाली उतरायचं आणि पुन्हा खालून वर यायचं, म्हणजे गिअरमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, एका बाजूला बसतो. हे मात्र भाच्याने मामांना सांगितलं नाही. मामांनी भाच्याला सांगितलं.

(दृश्य: गणपतीचा मांडव, रात्र, दिवे.)

गणपतीत गल्लीच्या कार्यक्रमात गिटार वाजली. सूर टिकला.

(दृश्य: पुन्हा खोली. रिकामी वाकळ. मामांच्या तळहातावर जुन्या सहा खुंट्या.)

वाकलेल्या दांड्याची खुंटी मामांनी वेगळी काढलीय. बाकी पाच डालड्याच्या जुन्या डब्यात, वॉशर आणि स्प्रिंगांबरोबर.

"ही कशाला ठेवूलालाय, मामा?"

"पितळ हाय रे. असू दे."