शिफ्ट आणि एफ ३ : अक्षर बदलते की केवळ त्याचे रूप?

मित्रहो, इंग्रजी मजकूर टाइप करताना कॅप्स लॉक चुकून चालू राहतो आणि पडद्याकडे लक्ष जाते तेव्हा अख्खा परिच्छेद कॅपिटल अक्षरांत उमटलेला असतो, हा प्रसंग कार्यालयात काम करणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी येतो. अशा वेळी सगळा मजकूर खोडून पहिल्यापासून टाइप करणारी माणसे मी आजही पाहतो आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण दोन बटणांचे काम करायला ती अर्धा तास घालवतात.

वर्डमध्ये तो परिच्छेद निवडावा, शिफ्ट दाबून धरावे आणि एफ ३ दाबावे. प्रत्येक वेळी दाबल्यावर मजकुराचे रूप पालटते : सगळी अक्षरे स्मॉल, सगळी कॅपिटल किंवा प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल. निवडलेला भाग पूर्णविरामाने संपणारे वाक्य असेल, तर या तिसऱ्या रूपाऐवजी वाक्याचे केवळ पहिले अक्षर कॅपिटल होते. काहीच निवडले नसेल, तर कर्सर ज्या शब्दात आहे तेवढाच शब्द बदलतो. पॉवरपॉइंटमध्ये आणि लिबरऑफिसच्या रायटरमध्येही हीच जोडी चालते. अनेक लॅपटॉपवर वरच्या ओळीतली बटणे आवाज आणि प्रकाश कमीजास्त करण्यासाठी नेमलेली असतात. तिथे सोबत एफएन हे बटणही दाबावे लागते. शॉर्टकट चालत नाही अशी तक्रार येते तेव्हा कारण बहुधा एवढेच असते.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. मूळ मजकुरात व्यक्तींची नावे, संस्थांची आद्याक्षरे असे मिश्र कॅपिटल लेखन असेल, तर ही जोडी कितीही वेळा दाबली तरी फिरून त्या मूळ रूपावर येत नाही. त्यासाठी लगेच कंट्रोल आणि झेड दाबून मागे यावे लागते. शीर्षकांच्या बाबतीतही प्रत्येक शब्द कॅपिटल करणारा पर्याय ऑफ, द, अँड यांसारख्या शब्दांनाही सोडत नाही, त्यामुळे शेवटचा हात आपल्यालाच फिरवावा लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. संगणकाच्या लेखी कॅपिटल ए आणि स्मॉल ए ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. आस्की संकेतानुसार, म्हणजे संगणकात प्रत्येक इंग्रजी अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीनुसार, पहिल्याचा क्रमांक ६५ आणि दुसऱ्याचा ९७. शिफ्ट आणि एफ ३ हा क्रमांकच बदलते. याउलट वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए ही तीन बटणे एकत्र दाबली, तर मजकूर कॅपिटल दिसू लागतो, पण आतली अक्षरे होती तशीच राहतात. ते निव्वळ फॉरमॅटिंग असते. खात्री करायची असेल, तर तीच तीन बटणे पुन्हा दाबा, मजकूर मूळ रूपात परत दिसेल. म्हणून अहवालातल्या शीर्षकांसाठी मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण उद्या कोणी साधी शीर्षके मागितली तर फॉरमॅटिंग काढले की मूळ लेखन शाबूत मिळते. मजकूर दुसऱ्या प्रणालीत भरायचा असेल, तर मात्र अक्षरेच बदललेली बरी.

एक्सेलमध्ये शिफ्ट आणि एफ ३ दाबल्यास फंक्शन निवडण्याची खिडकी उघडते. तिथे अपर, लोअर आणि प्रॉपर ही सूत्रे वापरावी लागतात आणि आलेले उत्तर व्हॅल्यू म्हणून, म्हणजे सूत्राशिवाय नुसता मजकूर म्हणून, पेस्ट करावे लागते. प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल करणाऱ्या प्रॉपरवर डोळे झाकून विसंबू नये : डोन्ट या शब्दात ॲपॉस्ट्रॉफीनंतर येणारा टीसुद्धा ते कॅपिटल करते. गूगल डॉक्समध्ये ही सोय फॉरमॅट मेनूत, टेक्स्टखालच्या कॅपिटलायझेशनमध्ये आहे.

देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल असा भेद नसल्यामुळे युनिकोडमधल्या, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या संकेतातल्या, मराठी मजकुरावर या शॉर्टकटचा काहीच परिणाम होत नाही. धोका आहे तो जुन्या फाँटमधल्या फायलींना. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात आणि वर देवनागरी आकार दिसतात. त्यात स्मॉल डी म्हणजे पूर्ण क आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा क. अशा मजकुरातला ‘वाक्य’ हा शब्द निवडून स्मॉल अक्षरे केली की त्याचा ‘वाकय’ होतो, आणि पानभर मजकूर निवडलेला असेल तर अशी जोडाक्षरे जागोजागी मोडतात. वाक्यारंभीचे अक्षर आपोआप कॅपिटल करणारी वर्डची ऑटोकरेक्ट सोयही अशा फायलीत हाच घोळ घालू शकते. तेव्हा जुनी मराठी फाइल हाती आली, तर आधी फाँटचे नाव पाहावे, ऑटोकरेक्टमधली ती सोय बंद करावी आणि मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मगच पुढच्या दुरुस्त्यांना हात घालावा.