माणूस ठेवू की बिनमाणसाचा?

फादर, सिस्टर, आणि मिस्सेची उपासना संपून चहा झाला तरी घरी न गेलेले तुम्ही सगळे,

पत्रिकेवर माझा विषय 'कॅथलिक परंपरेतील क्रूस' असा भारदस्त छापलाय. मला बोलायचंय ते त्याहून फार बारीक आहे, दीड-दोन ग्रॅमचं. आपण गळ्यात जो क्रूस घालतो त्यावर ख्रिस्ताची मूर्ती असावी, की नुसता साधा क्रूस चालतो? आपल्या बेळगाव-खानापूरकडे यावर मांडवात पंगत बसलेली असताना वाद झालेले मी ऐकलेत. एक बाजू म्हणते, साधा क्रूस म्हणजे प्रॉटेस्टंट काम. दुसरी म्हणते, सणासुदीला नटून निघायचं आणि गळ्यात मरणाचं चित्र कशाला? दोघांनाही उत्तर द्यायचा माझा विचार आहे. पण त्याआधी माझं एक लाडकं म्हणणं ऐकून घ्या, घरात आता ते कुणी ऐकत नाही. हा प्रश्न आपल्याकडे फादरांनी सोडवलेला नाही. तो सोनारानं सोडवलाय.

थोरल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही बेळगावच्या शहापूरला एका सराफाकडे गेलो. नाव सांगत नाही, अजून जाणंयेणं आहे. बरोबर सासूबाईंचा जुना क्रूस होता, चेनची कडी झिजलेली. तो मोडीत घालून मुलीला नवा करायचा, असा बेत. "बसा की वो मास्तर," म्हणून सराफांनी गादीवर जागा केली, चहा मागवला, क्रूस काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवला. मग भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत बसले. मला वाटलं, सोन्यात काही खोट निघाली. तर म्हणतात, "मास्तर, ह्यो कुठल्या पेढीचा शिक्का?"

ख्रिस्ताच्या डोक्यावर जी बारीक पाटी असते, तिच्यावरची आय एन आर आय ही चार अक्षरं त्यांना घडवणाऱ्याची मोहोर वाटली! मी मास्तर माणूस, गप्प कसा बसणार? मी सांगायला लागलो. ही चार अक्षरं लॅटिन, 'नासरेथकर येशू, यहूद्यांचा राजा' या वाक्यातल्या शब्दांची आद्याक्षरं. रोमन सुभेदार पिलातानं ही पाटी लावली ती तीन भाषांत, हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक. आणि लगेच तक्रार आली. मुख्य याजक म्हणाले, 'यहूद्यांचा राजा' असं लिहू नका, 'मी यहूद्यांचा राजा आहे असं हा म्हणाला' असं लिहा. पिलात म्हणाला, लिहिलं ते लिहिलं. योहानाच्या शुभवर्तमानात १९व्या अध्यायात आहे, घरी गेल्यावर काढून बघा. सराफांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या तिन्हींत साठ टक्के कुठली होती?" (हशा) हसा, हसा. पाटीच्या भाषेचं दुखणं काय असतं हे बेळगावच्या माणसाला शुभवर्तमानातून शिकायची गरज नाही. कन्नड साठ टक्के हवं या नियमानं त्या पेढीचीसुद्धा पाटी नवीन करावी लागली होती, आणि रंगाऱ्याचं बिल अजून त्यांच्या मनातून गेलेलं नव्हतं.

तर मुद्दा. भिंग खाली ठेवून त्यांनी सरळ धंद्याचा प्रश्न टाकला, "आता बोला. माणूस ठेवायचा की बिनमाणसाचा करायचा?"

माझी बायको क्षणभर अवाक झाली. मग तिला हसू आवरेना. आमच्या घरात तेव्हापासून क्रुसाच्या दोनच जाती, माणसाचा आणि बिनमाणसाचा. यात टवाळी नव्हती बरं का. तो त्यांचा कामाचा शब्द होता, आणि कामाचं गणित त्यांनी नीट उलगडून सांगितलं. साधा क्रूस म्हणजे पत्रा कापला, कानस मारली, वर कडी जोडली, पॉलिश केलं, झालं. माणूस बसवायचा तर तो वेगळा घडवायचा, मग टाकणखार लावून तीन जागी डाग द्यायचा, दोन तळहात आणि खाली पावलं. एवढ्याशा जिवाला तीन डाग! आग जरा जास्त लागली की हातच वितळतो. आता कास्टिंगमध्ये सगळं एकसंध येतं, पण मग नाकडोळे पुसट. शिवाय वजन वाढतं, आणि घडणावळ वजनावर न धरता नगावर धरावी लागते. आणि शेवटी गिऱ्हाइकाची तक्रार, पावलांचा उंचवटा साडीच्या धाग्यात अडकतो. "म्हणून मास्तर, तुमच्या लोकांत आता बिनमाणसाचाच जास्त खपतो."

बघा! चारशे-पाचशे वर्षं युरोपात ज्यावरून मूर्ती फुटल्या, देवळं धुतली गेली, त्या वादाचा निकाल शहापुरात लागला कशावर, तर तीन डाग आणि साडीचा धागा. आमच्या ओळखीत ज्यांच्या गळ्यात साधा क्रूस आहे, त्यांच्यापैकी एकानंही मूर्तीला विरोध करणारा प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन वाचलेला नाही. त्यांनी भाव विचारला होता.

भावावरून आठवलं. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणजे बारीक क्रूस घेताना श्रद्धा दोनदा लागते, एकदा देवावर आणि एकदा सराफावर.

पुढं काय झालं ते सांगतो, कारण खरी गंमत पुढं आहे. मुलगी म्हणाली, मला साधाच करा, पुण्याला ऑफिसात घालायला बरा. बायको म्हणाली, माझ्या आईच्या क्रुसावर ख्रिस्त होता. होता खरा, पण त्याचं नाक उरलं नव्हतं, चेहरा गुळगुळीत झालेला. सासूबाईंना प्रार्थना म्हणताना क्रूस बोटांत धरून अंगठ्यानं चोळायची सवय, त्यानं झिजलेला. दोघी अडून बसल्या. मी चहा पीत होतो. शेवटी तिढा सोडवला सराफांनीच. म्हणाले, "वहिनी, आमच्यात देवाचे टाक झिजले की नवे घडवताना जुनी चांदी त्यातच आटवतात. देव तोच राहतो." बायकोला हे पटलं. मला विचाराल तर त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं प्रवचन ते होतं, आणि ते दिलं कपाळाला अष्टगंध लावलेल्या माणसानं. त्याच सोन्याचा, माणसाचा क्रूस झाला. आता तो कुठं आहे? टिळकवाडीच्या बँकेत, लॉकरमध्ये. सासरकडून साधा आला, तो रोज गळ्यात. माणसाचा लॉकरात, बिनमाणसाचा गळ्यात. याला म्हणतात तडजोड.

इथं थोडं शेजारी बघू या. आपल्या जिल्ह्यात लिंगायत बांधव गळ्यात इष्टलिंग धारण करतात. त्याला कुणी दागिना म्हणेल का? ते तळहातावर घेऊन त्याची रोज पूजा होते. वारकरी तुळशीची माळ घालतो, ती घातली की मटण सुटलं. म्हणजे एकाला पूजा आहे, दुसऱ्याला पथ्य आहे. आपल्या क्रुसाला काय अट आहे? काहीही नाही. रविवारी गळ्यात क्रूस आणि ताटात रस्सा, दोन्ही सुखानं नांदतात. अट नसली की वस्तू दागिन्याकडे घसरते. माझी खरी तक्रार ही आहे, मूर्ती आहे-नाही ही नंतरची. आणि दागिना झाला की तो कुणीही काढायला सांगू शकतं. २०२५ साली सीईटी या प्रवेशपरीक्षेच्या दारात मुलांना जानवं काढायला लावलं म्हणून आपल्या कर्नाटकात केवढा गदारोळ झाला. तिकडे युरोपात २०१३ साली मानवी हक्क न्यायालयानं एकाच निकालात दोन ब्रिटिश बायकांचा न्याय केला. विमान कंपनीतल्या नादिया एवैदा यांचा साधा क्रूस जिंकला. शर्ली चॅप्लिन या नर्सचा, चेनमधला ख्रिस्तासह असलेला क्रूस हरला, कारण रुग्णाच्या सुरक्षेसाठी चेन नको हे हॉस्पिटलचं म्हणणं कोर्टाला पटलं. यात ख्रिस्ताच्या मूर्तीचा काही संबंध नव्हता, हे सांगतो, नाहीतर तुमच्यापैकी कुणीतरी उद्या मांडवात हा दाखला चुकीचा वापरेल.

सेक्रेटरींची चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. म्हणजे कबूल केलेला विषय आता पळवत नेतो.

साधा क्रूस प्रॉटेस्टंट, हे म्हणणं टिकत नाही. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी खिळलेला ख्रिस्त उघडपणे फारसा दाखवलाच नाही. क्रूस ही तेव्हा चालू असलेली फाशी होती. रोममध्ये भिंतीवर कोरलेलं एक जुनं चित्र सापडलंय, साधारण इसवी सन २००च्या सुमाराचं. क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, आणि शेजारी, अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतोय, अशी चेष्टा. जगापुढं मांडलेलं क्रूसदृश्य दिसतं ते रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर, ४३०च्या आसपास. त्यानंतरही इटलीतल्या रावेन्नात ५४९ साली अर्पण झालेल्या चर्चमध्ये भला मोठा क्रूस आहे तो रत्नजडित. शरीर नाही, मध्यभागी फक्त छोटासा चेहरा. म्हणजे बिनमाणसाचा क्रूस प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरच्या हजार वर्षं आधीचा. आणि ल्यूथरच्या लोकांनी मूर्तीचा क्रूस टाकलाही नाही, टाकला तो कॅल्विनच्या वाटेनं गेलेल्यांनी. रावेन्ना राहू द्या. आपल्यापैकी कितीतरी घराणी गोव्याहून आलेली. तिथं अंगणात, वाटेच्या कडेला चुना लावलेला खुरीस, म्हणजे क्रूस, असतो, मे महिन्यात त्याच्यापुढं लदीनची प्रार्थना म्हणतात. त्याच्यावर कुठं मूर्ती असते? बहुतेकांवर नसतेच. त्या खुरसाला प्रॉटेस्टंट म्हणून दाखवा.

नियम म्हणाल तर एवढाच: मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत, ३०८व्या कलमात, मिस्सेच्या वेळी वेदीवर किंवा वेदीजवळ खिळलेल्या ख्रिस्ताच्या मूर्तीसह क्रूस हवा. वेदीला नियम आहे, गळ्याला नाही. पोप फ्रान्सिस यांच्या छातीवरच्या क्रुसावरही खिळलेला ख्रिस्त नव्हता, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ होता.

आता दुसऱ्या बाजूला. रिकामा क्रूस म्हणजे पुनरुत्थान, हे फार सुबक वाक्य आहे आणि मला ते मुळीच पटत नाही. क्रूस रिकामा झाला शुक्रवारी संध्याकाळी. तेव्हा ख्रिस्त मेलेला होता, आणि त्याला उतरवून घेणाऱ्यांच्या मनात पुनरुत्थान नव्हतं. रविवारी सकाळी रिकामी सापडली ती कबर. मरणाचं चित्र नको म्हणणाऱ्यांना विचारतो, साध्या क्रुसावर मग दुसरं काय झालं होतं? पौल करिंथकरांना लिहितो, आम्ही खिळलेला ख्रिस्त गाजवतो. आणि साडीच्या धाग्याची सबब तर सांगूच नका. मदर तेरेसांच्या सिस्टर साडीच नेसतात, आणि डाव्या खांद्यावर त्यांचा ख्रिस्तासह क्रूस पिनेनं लावलेला असतो.

म्हणून माझं मत, नियम नाही, मत. साधा घालणाऱ्याला कुणी बोलू नये. पण नवा करून घेणार असाल आणि परवडत असेल, तर तीन डागांची मजुरी द्या. हल्ली क्रुसाच्या मधोमध हिरा बसवलेले नग काचेत दिसतात, त्यांना मात्र माझा साफ विरोध आहे. माणसाची जागा रिकामी ठेवली ते मी समजू शकतो. तिथं अमेरिकन डायमंड बसवला हे समजू शकत नाही. लॉकरवाल्यांनी निदान गुड फ्रायडेच्या आधल्या आठवड्यात बँकेत एक चक्कर मारावी, गुड फ्रायडेला बँकेला सुट्टी असते.

प्रश्न बाहेर विचारा. बारा वाजता हॉल कॅटेकिझमच्या मुलांना द्यायचाय आणि त्यांची टीचर दारात उभी राहून माझ्याकडे बघतेय.